ऑनलाइन काम अडलं की नेमकं कुणाला धरायचं? राज्य सरकारचं आयटी कसं चालतं ते समजून घ्या

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" हे ऐकून तसंच माघारी यायचं नाही, एवढं आधी पक्कं करा. सर्व्हर कधी कधी खरंच डाऊन असतो, त्यात वाद नाही. पण उत्पन्नाचा दाखला असो, फेरफार असो, पोराची स्कॉलरशिप असो, काहीही अडलं की तहसीलला हेच उत्तर मिळतं आणि माणूस परत गावाकडं जातो, दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं ते वेगळंच. आणि बहुतेक वेळा होतं काय, अर्ज पडलेला असतो एका टेबलावर आणि आपण भांडत असतो भलत्याच माणसाशी. त्या सेवा केंद्रवाल्या पोराला शिव्या घालून काही होत नाही बगा, त्याच्या हातात अर्ज भरण्यापलीकडं काही नसतं. म्हणून सरकारचं हे कॉम्प्युटरचं काम कोण ठरवतं, कोण बनवतं, कोण चालवतं आणि कायद्यानं जबाबदार कोण, हे एकदा नीट समजून घ्या.

आधी हे चार वेगळे करा

सरकारचं आयटी म्हणजे एक ऑफिस, एक साहेब असं काही नाही. कुठलंही ऑनलाइन काम घ्या, त्यात चार जण असतात.

पहिला म्हणजे मालक विभाग. सातबारा महसूलचा, स्कॉलरशिप समाजकल्याणची, ट्रॅक्टरचं अनुदान कृषीचं. माहिती त्यांची, नियम त्यांचे, आणि चूक दुरुस्त करायचा अधिकार पण त्यांचाच. दुसरा म्हणजे बनवणारा आणि चालवणारा. यात एनआयसी येतं, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, ही केंद्र सरकारची संस्था आहे, १९७६ पासूनची, हिचं ऑफिस प्रत्येक जिल्ह्याला असतं, बहुतेक कलेक्टर ऑफिसातच, आणि तिथं जिल्हा सूचना विज्ञान अधिकारी बसतो. दुसरं महाआयटी, म्हणजे महाराष्ट्र माहिती तंत्रज्ञान महामंडळ, ही राज्य सरकारची स्वतःची कंपनी. त्याआधी महाऑनलाइन होतं, सरकार आणि टीसीएस या खासगी कंपनीची भागीदारी, जुन्या पावत्यांवर ते नाव अजून सापडतं. तिसरा म्हणजे खिडकी, जिथं आपण अर्ज भरतो: आपले सरकार सेवा केंद्र, सेतू, सीएससी. आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा, म्हणजे ज्याच्या सहीनं काम होतं तो अधिकारी. कायद्यात त्याला पदनिर्देशित अधिकारी म्हणतात.

यांच्या वर मुंबईला माहिती तंत्रज्ञान खातं आहे. आधी हे काम सामान्य प्रशासन विभागाच्या पोटात होतं. धोरण ठरवणं, डेटा सेंटर, मंत्रालयापासून तालुक्यापर्यंतचं सरकारी नेटवर्क, असली कामं तिकडून होतात. डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळात हे खातं आशिष शेलारांकडं आलं आणि महसूल चंद्रशेखर बावनकुळेंकडं. हे कामून सांगतो, तर सातबाऱ्यातली चूक घेऊन कुणी आयटी मंत्र्याला पत्र लिहिलं तर ते पत्र फिरत फिरत शेवटी महसूललाच येणार, मधले दोन महिने फुकट.

देशभर याची सुरुवात २००६ च्या राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजनेनं झाली. नेटवर्क, डेटा सेंटर आणि गावागावात सेवा केंद्र असे तिचे तीन पाय होते, आणि प्रत्येक राज्यानं आपापल्या पद्धतीनं ते उभे केले. आपल्या राज्यात विभाग आपापलं पोर्टल चालवतात आणि आयटी खातं वरून बघतं. फायदा असा की विभागाला आपलं काम कळतं. तोटा मात्र आपल्याला भोगावा लागतो, एकाच शेतकऱ्याची माहिती पाच पोर्टलवर पाच तऱ्हेनं लिहिलेली असते, एका ठिकाणी नाव "दत्ता", दुसरीकडं "दत्तात्रय", आणि जुळवत बसायचं काम शेतकऱ्याच्याच गळ्यात.

पोर्टल कुणाचं ते कसं ओळखायचं

पोर्टल उघडा आणि सरळ खाली जा, अगदी तळाला. तिथं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मजकुराची मालकी कुणाची आणि वेबसाइट कुणी बनवली. ते कुणी वाचत नाही, पण तक्रारीच्या अर्जावर नाव कुणाचं घालायचं ते तिथंच मिळतं. फोटो काढून ठेवा.

मग वरचा पत्ता बघा. शेवटी महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन असेल तर राज्याचं. पीएम किसान, पीक विमा ही केंद्राची पोर्टलं, त्यात तहसीलदार काही ठिकाणी नुसती पडताळणी करतो, सॉफ्टवेअर त्याच्या हातात नसतं. शेवटी गव्ह डॉट इन नसेल आणि तरी आधार नंबर मागत असेल, तर तिथंच थांबा आणि आधी खात्री करा.

खिडकीच्या बाबतीत पण एक घोळ आहे. दुकान एक आणि बोर्ड दोन, असं आपल्याकडं नेहमीचंच. सीएससी हे केंद्राचं जाळं, आणि आपले सरकार सेवा केंद्र राज्याचं, त्याला मान्यता जिल्हाधिकारी देतात. म्हणून जास्तीचे पैसे घेतल्याची तक्रार असेल तर पावती कुठल्या लॉगिनची आहे ते बघा. आपले सरकारची असेल तर कलेक्टर ऑफिसची सेतू शाखा गाठा, तिथं महाआयटीचा जिल्हा प्रकल्प व्यवस्थापक पण भेटतो. पावतीच देत नाही म्हणत असेल तर पैसेच देऊ नका.

अजून एक बारीक गोष्ट आपल्या मराठवाड्यापुरती: जिल्हा निवडताना औरंगाबाद सापडत नसेल तर छत्रपती संभाजीनगर बघा, उस्मानाबाद सापडत नसेल तर धाराशिव, आणि उलटंही करून बघा. नावं २०२३ मध्ये बदलली पण सगळी पोर्टलं एकाच दिवशी बदलत नसतात. जुन्या कागदावर जुनं नाव आहे म्हणून अर्ज परत आला, तर त्याच कारणानं परत केल्याचं लेखी मागा.

सातबारा आणि फेरफार

हे जरा सविस्तर सांगतो कारण मराठवाड्यात सगळ्यात जास्त माणसं इथंच अडकतात.

सातबाऱ्याची सगळी व्यवस्था पुण्याच्या जमाबंदी आयुक्तांकडं, म्हणजे भूमी अभिलेखच्या संचालकांकडं आहे. ई-फेरफारचं सॉफ्टवेअर एनआयसीनं बनवलेलं. पण नोंद टाकतो तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, आणि ती प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. म्हणजे फेरफार अडला तर पुण्याला फोन करून उपयोग नाही. आधी भूमी अभिलेखच्या महाभूमी पोर्टलवर "आपली चावडी" उघडा, आपलं गाव निवडा, तिथं तुमच्या फेरफाराची नोटीस दिसते का बघा. दिसत नसेल तर तलाठ्यानं अजून नोंदच टाकलेली नाही. दिसतेय आणि हरकतीचे १५ दिवस उलटून गेलेत, कुणाची हरकत पण नाही, तर चेंडू मंडळ अधिकाऱ्याकडं आहे. दोन मिनिटात कळतं कुणाच्या दारात जायचं.

वारसनोंद, बोजा चढवणं किंवा उतरवणं असल्या कामांचा अर्ज ई-हक्क या पोर्टलवरून ऑनलाइन टाका. कागदावर दिलेला अर्ज "मिळालाच नाही" म्हणता येतो, ऑनलाइनचा नंबर पडतो.

आता चूक. हस्तलिखित सातबारा कॉम्प्युटरवर घेताना नावं चुकली, क्षेत्रात शून्य इकडचं तिकडं झालं, सामाईकातलं एखादं नावच गळालं, हे सगळीकडं झालंय. २०१७ मध्ये सरकारनं गावोगाव चावडी वाचन घेतलं ते त्याच्यासाठीच होतं, पण कितीतरी माणसं त्या वेळी ऊसतोडीनं नाहीतर पुण्या-मुंबईला कामानं बाहेर होती, त्यांच्या चुका तशाच राहिल्या. अशी लिहिण्यातली चूक महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदाराच्या आदेशानं दुरुस्त होते. त्याला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे शेवटचा हस्तलिखित सातबारा आणि तो ज्या फेरफारावरून आला त्या फेरफाराची नक्कल. तहसीलच्या रेकॉर्ड रूमला नकलेचा अर्ज आधी द्या, कलम १५५ चा अर्ज मग. हा क्रम उलटा केला तर "पुरावा जोडा" म्हणून अर्ज परत येतो.

आपला भाग १९४८ पर्यंत निजामाकडं आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, म्हणून आपलं जुनं रेकॉर्ड पुण्या-नाशिकपेक्षा वेगळं. सेतवार, १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, वसूल बाकी, आणि काही कागद उर्दूत, काही मोडीत. पोर्टलवर नाही म्हणजे कागदच नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हा रेकॉर्ड रूममधनं काय काय बाहेर आलं ते सगळ्यांनी बघितलंय. नक्कल मागताना गाव, सर्व्हे नंबर आणि कागदाचं नाव हे तिन्ही लिहा, म्हणजे "सापडत नाही" म्हणायला जागा राहत नाही.

आणि महाभूलेख वेबसाइटवरचा फुकटचा सातबारा नुसता बघायला असतो. बँकेत, कोर्टात डिजिटल सहीचा लागतो, १५ रुपये भरून स्वतः मोबाइलवर काढता येतो, त्यासाठी कुणाच्या दारात जायची गरज नाही.

दाखले: इथं कायदा तुमच्या बाजूनं आहे

उत्पन्न, रहिवासी हे दाखले तहसीलदाराच्या सहीचे, जातीचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा उपविभागीय अधिकाऱ्याच्या सहीचा. अर्ज आधी क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग नायब तहसीलदार, मग साहेब. आता सही म्हणजे डिजिटल सही, पेनड्राइव्हसारखा एक टोकन असतो, तो लावून पासवर्ड टाकला की सही होते. साहेबांची बदली झाली की नवीन साहेबांची सही सिस्टीमला जोडावी लागते, आणि तेवढे दिवस शेकडो दाखले तसेच पडून राहतात. जून-जुलैत ऍडमिशनच्या गर्दीत हे झालं की पोरांचे हाल होतात. म्हणून "सर्व्हर डाऊन" ऐकलं की शांतपणे एवढंच विचारा: अर्ज कुणाच्या लॉगिनला पेंडिंग आहे? आणि सही जोडायची राहिली असेल तर ती कधी जोडणार? हे दोन प्रश्न विचारणाऱ्या माणसाला टोलवणं अवघड जातं.

आता खरं हत्यार. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. या कायद्यानं प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरवून दिलीय, पदनिर्देशित अधिकारी ठरवून दिलाय, आणि त्याच्यावर दोन अपिलीय अधिकारी. अर्ज दिला की नंबर आणि मुदत लिहिलेली पोच मिळालीच पाहिजे. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करायचं. नाकारताना कारण लेखी द्यावं लागतं. पहिल्या अपिलानं समाधान झालं नाही तर ३० दिवसांत दुसरं, आणि त्यानंतर ६० दिवसांत लोकसेवा हक्क आयोगाकडं तिसरं. आयोगाचं ऑफिस विभागवार आहे, आपल्यासाठी छत्रपती संभाजीनगरला. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होतो, आणि तो त्याच्या पगारातनं.

अपील करायला वकील लागत नाही, आपले सरकारच्या त्याच लॉगिनमधून होतं. माझं मत विचाराल तर दहा वेळा तहसीलच्या पायऱ्या चढण्यापेक्षा मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी एक अपील टाकावं. अपील आलं की अर्ज कुणाकडं कधीपासून पडलाय ते वरच्या अधिकाऱ्याला बघावंच लागतं.

एक फरक लक्षात ठेवा. आपले सरकारचं तक्रार निवारण वेगळं आणि हक्काचं अपील वेगळं. तक्रार नुसतं उत्तर देऊन "निकाली" काढता येते, अपिलात सुनावणी आणि आदेश असतो. दाखला अडला असेल तर अपीलच करा.

योजना आणि पैसे

महाडीबीटी, म्हणजे स्कॉलरशिप-अनुदानाचे अर्ज जिथं भरतात ते पोर्टल, राज्याच्या आयटीचं, पण मंजुरी विभागाची. स्कॉलरशिपचा अर्ज बहुतेक वेळा कॉलेजच्या क्लार्ककडंच अडकलेला असतो, त्यानं पुढं ढकललाच नसतो, म्हणून समाजकल्याणला जायच्या आधी लॉगिन करून अर्ज कुठल्या टप्प्याला आहे ते बघा. मंजूर झालाय आणि पैसे आले नाहीत तर बँक बघा: खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि एनपीसीआयला, म्हणजे बँकांमधली देवघेव चालवणाऱ्या संस्थेकडं, ते खातं मॅप असणं वेगळं. पैसे शेवटच्या मॅप झालेल्या खात्यात जातात, कदाचित तुम्ही विसरलेल्या जुन्या जनधन खात्यात.

नमो शेतकरी योजनेचे पैसे राज्याचे, पण यादी पीएम किसानवरून. म्हणून नमोचा हप्ता थांबला तर आधी पीएम किसानची ई-केवायसी बघा. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातलं पीक मोबाइलवरून सातबाऱ्याला नोंदवणं, राज्याची, २०२१ पासून, आणि ती शेतकऱ्यानं स्वतः करायची. पीक विम्यात नुकसान कळवायची मुदत असेल (२०२५ च्या खरिपाआधी आपल्याकडं ती ७२ तासांची होती) आणि ऍप चालत नसेल तर स्क्रीनशॉट वेळेसकट काढा आणि त्याच मुदतीत टोल फ्री नंबरवर, बँकेत नाहीतर कृषी ऑफिसात लेखी कळवून पोच घ्या.

माहिती अधिकार कसा वापरायचा

एवढं करून पण हलत नसेल तर माहिती अधिकार. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा नाहीतर राज्याच्या आरटीआय पोर्टलवरून करा. आपल्या राज्यात २०१२ पासून नियम आहे की अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत पाहिजे, म्हणून राग बाजूला ठेवून मोजकं लिहा. "का झालं नाही" असं विचारू नका, कारण उत्तर येतं की खुलासा मागणं माहितीत बसत नाही. कागद मागा. उदाहरणार्थ असं:

"अर्ज क्रमांक अमुक याबाबत, १. हा अर्ज आज कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याच्या लॉगिनला प्रलंबित आहे व तेथे कोणत्या तारखेला आला. २. या अर्जाच्या प्रत्येक टप्प्याच्या तारीख व वेळेसह नोंदीची प्रत. ३. अमुक ते अमुक तारखेदरम्यान सर्व्हर बंद असल्याबाबत आपल्या कार्यालयाने वरिष्ठ कार्यालय, एनआयसी किंवा महाआयटी यांना केलेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती."

तिसरा प्रश्न सोडू नका. सर्व्हर खरंच आठ-आठ दिवस बंद असेल तर ऑफिसनं कुणाला तरी कळवलेलं असणार. कळवल्याचा एकही कागद नसेल तर अपिलात तेच तुमचं म्हणणं.

माहिती ३० दिवसांत मिळाली पाहिजे. अर्ज चुकीच्या ऑफिसात गेला असेल तर कलम ६(३) खाली ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची. महाआयटी सरकारी कंपनी आहे, तिलाही हा कायदा लागू. काम खासगी कंपनीला दिलंय म्हणून माहिती देता येत नाही असं सांगितलं तर ऐकायचं नाही, करार विभागाकडं असतो, तो विभागाकडून मागा. टेंडर महाटेंडर्स पोर्टलवर दिसतात, जीआर म्हणजे शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर. जीआरच्या सांकेतांकाचे पहिले आठ आकडे म्हणजे तारीख असते, व्हॉट्सॲपवर फिरणारा जीआर खरा का खोटा ते तो सांकेतांक टाकून लगेच कळतं.

शेजारी काय करतात

उदगीर-निलंग्याकडं ज्यांची सोयरीक बीदरला आहे त्यांनी कर्नाटकची जमिनीच्या उताऱ्यांची भूमी योजना बघितली असेल, २००० च्या आसपास तिकडं तालुक्याच्या खिडकीवर उतारा मिळायला लागला होता. धर्माबाद-देगलूरच्या लोकांना तेलंगणाचं मीसेवा, म्हणजे तिकडचं ऑनलाइन सेवांचं केंद्र, माहितीय, ते २०११ पासूनचं, एकसंध आंध्राच्या काळातलं. राजस्थाननं अजून वेगळं केलंय, तिथं आयटी खात्याचं स्वतःचं केडर, म्हणजे स्वतःचा कायम नोकरवर्ग आहे, प्रोग्रामर आणि सूचना सहायक अशी सरकारी पदं खाली ब्लॉकपर्यंत. मला हे राजस्थानचं सगळ्यात जास्त पटतं, कारण आपल्याकडं तालुक्याला कॉम्प्युटरचं काम बघणारा माणूस बहुतेक कंत्राटी असतो, त्याचा करार संपला की सगळं ज्ञान त्याच्यासोबत जातं.

गावात तर त्याहून वाईट. ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक २०११ च्या संग्राम योजनेपासून काम करतोय, नंतर २०१६ ला तेच काम सीएससीच्या कंपनीकडं गेलं, जन्ममृत्यूचे दाखले, घरकुलाच्या याद्या, सगळं त्याच्याच हातून जातं, आणि मानधनासाठी त्याला दरवेळी आंदोलन करावं लागतं. त्या केंद्राचे पैसे ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतून जातात, म्हणजे गावाचेच. म्हणून पुढच्या ग्रामसभेत हे विचारा: केंद्रासाठी वर्षाला किती रक्कम वळती झाली, त्यातले परिचालकाला किती मिळाले, आणि किती दिवस केंद्र बंद होतं. ग्रामसेवकाला, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, हे प्रश्न लेखी द्या, पोच घ्या आणि उत्तर प्रोसिडिंग बुकात लिहून घ्या. तोंडी उत्तरावर सही करू नका.